साहेबाची निमताना मोजणी

माझे सासरे दीनानाथ विसपुते, म्हणजे अप्पा, फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला आमच्याकडे आले आणि एकवीस महिने राहिले. दोष त्यांचा नव्हता, विमानांचा होता. हे माझी बायको मयूरा मला दर आठवड्याला समजावून सांगायची, आणि ज्या आठवड्यात ती स्वतःच वैतागलेली असे तेव्हा मी तिला समजावायचो. पोरीच्या घरी पाणीही पिऊ नये अशा समजुतीत वाढलेला हा माणूस. पण जगाने दारं लावून घेतल्यावर पाणी प्यावंच लागलं, आणि एकदा प्यायल्यावर आमच्या चहात साखर किती असावी इथपर्यंत त्यांनी लक्ष घालायला सुरुवात केली.

अप्पा भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार म्हणून निवृत्त झाले होते. हा शब्द लग्नाआधी मला ठाऊक नव्हता. लग्नानंतर दुसरं काही कानावर पडलं नाही. साधा भूकरमापक जमीन मोजतो. ती मोजणी कुणाला पटली नाही तर वरचा माणूस येऊन पुन्हा मोजतो. त्या फेरमोजणीला निमताना म्हणतात, आणि ती करणारा निमतानदार. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायला सरकारने या माणसाला चौतीस वर्षं पगार दिला. निवृत्तीनंतर ते काम त्यांनी फुकट चालू ठेवलं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्या मागच्या अंगणात पावलं टाकत फिरले आणि आत येऊन म्हणाले, "निनादराव, तुमचं कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत चौदा इंच आहे."

"अप्पा, इथे अख्खं वाळवंट रिकामं पडलंय. चौदा इंचांचं कोण विचारतंय?"

"शेजाऱ्याला माहीत आहे का?"

संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याला माहीत झालं होतं. सुदैवाने तो ‘नो वरीज, मेट’ म्हणाला. अप्पांना त्याचा हा निष्काळजीपणा मुळीच आवडला नाही.

खोटी रेघ मात्र त्यांनी जन्मात मारली नाही, हे त्यांचे शत्रूसुद्धा कबूल करतील. आणि संगमनेर तालुक्यात शत्रूंची टंचाई नव्हती. त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतर दोनच वर्षांनी खुद्द सासुरवाडीच्या बांधाची निमताना त्यांच्याकडे आली. त्यांच्या सासऱ्यांनी बांध अकरा फूट शेजारच्या शेतात सरकवलेला निघाला. अप्पांनी तसा अहवाल दिला आणि वर सासऱ्यांची सही घेतली. सासूबाईंच्या माहेरचे चार वर्षं बोलत नव्हते. सासूबाई सहा महिने.

तर असा माणूस, आणि वर लॉकडाऊन. मयूरा हॉस्पिटलात डबल शिफ्ट करत होती, मी खाणीत इंजिनिअर म्हणून रोस्टरवर, आणि अप्पा घरात एकटे. घरातलं सगळं दोनदा मोजून झालं. शेवटी मयूराने आपला एक पेशंट त्यांच्या गळ्यात घातला, किंवा त्यांना पेशंटच्या. बॅरी नावाचा हा गृहस्थ ड्रिलिंगच्या धंद्यातून निवृत्त झालेला, दोन्ही गुडघे बदललेला आणि गावातल्या इतिहासप्रेमींच्या मंडळाचा अध्यक्ष. मंडळात एकूण सात जण, त्यांतले दोघे झूमवर कायम म्यूट.

मंडळाचं दैवत होतं मेजर ह्यूबर्ट पिंकनी. १८७१ साली, कालगुर्ली हे गाव जन्मालाही आलं नव्हतं तेव्हा, हा साहेब अठ्ठावीस घोडे, सहा माणसं आणि एक घडीचा बाथटब घेऊन किनाऱ्यावरून आत शिरला. नकाशावर तो मुलूख कोरा होता. साहेबाने तो भरायचं मनावर घेतलं. तीन महिन्यांत पाणी संपलं, बाथटब टाकून द्यावा लागला, घोडे पडायला लागले. मग साहेबाच्या माणसांनी तिथल्या एका म्हाताऱ्याला पकडलं, दोरीने बांधलं आणि त्याला खारवलेलं मांस खायला घालून पाणी मात्र दिलं नाही. तहानेने कासावीस झाला की आपोआप पाण्याकडे पळेल, असा हिशोब. हे वाचून अप्पा दोन दिवस जेवताना शिव्या देत होते, आणि अप्पांच्या शिव्या खात्याच्या होत्या, म्हणजे लांबलचक आणि मुद्देसूद.

म्हाताऱ्याने साहेबाला नऊ दिवस चालवलं. वाटेत साहेबाने डाव्या हाताला दिसलेल्या पाच डोंगरांना पाच लॉर्ड लोकांची नावं दिली. नवव्या दिवशी एका वाळूच्या खळग्यात गढूळ पाणी लागलं. ताफा जगला आणि तसाच माघारी फिरला. म्हातारा त्याच्या आधीच दोरी कापून पसार झाला होता. साहेबाने शहरात परत येऊन त्या खळग्याचं नाव ‘हेन्रिएटा स्प्रिंग’ ठेवलं आणि नकाशा छापला.

बॅरीची अडचण अशी की ही हेन्रिएटा कुणाला सापडत नव्हती. नकाशावर जिथे तिची खूण होती तिथे मिठाचा खार होता, म्हणजे मिठाने पांढरी पडलेली सपाट जमीन, नजर पोचेल तिथवर. बॅरी तीनदा जाऊन आला होता, दोनदा जुन्या गुडघ्यांनी आणि एकदा नव्या. पुढच्या वर्षी मोहिमेला दीडशे वर्षं होणार, ब्राँझची पाटी बसवायची, आणि पाटीला जागाच नाही. तेवढ्यात पिंकनीच्या कुणा पणतवंडाने माळ्यावरच्या पेटीतून मूळ वह्या काढून स्कॅन करून पाठवल्या. अक्षर असं की मंडळाने हात टेकले. जुन्या मोडी कागदांत उभं आयुष्य घालवलेल्या अप्पांना ती गिचमिड म्हणजे पर्वणी होती.

"निमताना करून देतो," त्यांनी बॅरीला झूमवर सांगितलं. "पण पद्धतीने. लगतच्या खातेदारांना नोटीस काढावी लागेल."

लगतचे खातेदार म्हणजे मोजायच्या जमिनीला लागून ज्यांची जमीन आहे ते. त्यांना बोलावल्याशिवाय आमच्याकडे मोजणीची साखळी जमिनीला टेकत नाही, हे अप्पांनी सविस्तर समजावलं. बॅरी हसला. "मेट, तिथे कोणीच नाही. डेझर्ट आहे ते."

"वहीचं पान एक्केचाळीस," अप्पा म्हणाले. "रोज सकाळी धूर दिसतो, असं लिहिलंय. धूर खातेदाराशिवाय निघत नाही."

म्यूटवाले दोघे तेवढ्यापुरते अनम्यूट झाले आणि लगेच परत म्यूट झाले.

खातेदार शोधायचं काम अर्थातच मयूराच्या डोक्यावर आलं. तिच्या हॉस्पिटलात आंटी डॉरीन होती. इथल्या वोंगी आदिवासी समाजातली, सत्तरीची. मूळ रहिवासी पेशंट आणि डॉक्टर यांच्यामध्ये बोलणी करण्याचं तिचं काम. तिच्या आजीकडची माणसं त्याच मुलखातली. अप्पांनी तिला रीतसर नोटीस लिहिली, त्यांच्या कचेरीच्या इंग्रजीत: ‘विषयांकित मोजणीकामी आपण शनिवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे, गैरहजर राहिल्यास मोजणी एकतर्फी करण्यात येईल.’ मी म्हटलं, अप्पा, हे जरा उद्धट वाटतं. ते म्हणाले, नमुना असाच आहे.

जागेवर जाणं शक्य नव्हतं. वाळवंटातल्या वस्त्यांकडे जाणारे रस्ते बंद होते. म्हणून ‘समक्ष’ म्हणजे आमचा ड्राइव्हवे, दीड मीटर अंतरावर दोन घडीच्या खुर्च्या. आंटी डॉरीन अकराला पाच मिनिटं कमी असताना आली, मास्क लावून, नोटीस हातात घेऊन.

"सत्तर वर्षांत मला नोटिसा पुष्कळ आल्या," ती म्हणाली. "हलवलं, काढलं, मोजून झालं, सगळ्याच्या आल्या. मोजायच्या आधी आलेली ही पहिलीच. म्हटलं, माणूस तरी बघून यावा."

अप्पांनी तिला चहा दिला आणि त्या दिवसापासून ‘डॉरीनताई’ म्हणायला सुरुवात केली. तिला त्याचा अर्थ विचारावासा वाटला नाही. ती त्यांना ‘डीनो’ म्हणायला लागली. आमच्या घरात एवढं धाडस कुणी केलं नव्हतं.

मग अप्पांनी ड्राइव्हवेवर कागद उलगडला. खाटकाकडे मिळतो तो पांढरा कागद, चार मीटर लांब, कोपऱ्यांवर चार दगड. सहा आठवडे ते यावर काम करत होते, पण आम्हाला बघू देत नव्हते.

"ताई, साहेबाचे डोळे आले होते," ते म्हणाले आणि थांबले, कारण याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना येईना. मग ते मराठीत सांगत गेले आणि मी इंग्रजी करत गेलो. वाळवंटातल्या धुळीने आणि माश्यांनी साहेबाचे डोळे इतके सुजले होते की ते नऊ दिवस तो फडकं बांधून घोड्यावर बसला होता. दिशा आणि अंतर टिपत होता त्याचा कारकून. कारकून प्रामाणिक होता. जे दिसलं ते लिहिलं. रोज दिशा थोडी डावीकडे वळतेय, हेही लिहिलं. पण साहेब शहरात परत आला, नकाशा काढायला बसला, आणि नऊ दिवस चाललो म्हणजे नव्वद मैल लांब गेलोच असणार, असं म्हणून त्याने सरळ रेघ मारली.

"मी कारकुनाच्या वहीवरून मांडलं," अप्पा म्हणाले, आणि काठीने रेघेवरून फिरत गेले. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. रेघ वळत वळत गेली आणि जवळजवळ निघाल्या जागी येऊन मिळाली. नव्वद मैल चालून साहेब जिथून निघाला तिथून चार मैलांवर पोचला होता. "आणि हे पाच डोंगर. कारकून रोज वर्णन लिहितो. डाव्या हाताला, माथा सपाट, एका बाजूला दात पडल्यासारखी फट. पाच नाहीत, ताई. एकच आहे! कारकुनाने पाच बाजूंनी बघितलेल्या त्याच डोंगराला फडकं बांधलेल्या माणसाने पाच लॉर्डांची नावं दिली!"

आंटी डॉरीन हसायला लागली. मास्क खाली आला, तिने तो वर केला, परत खाली आला. खुर्चीची घडी मिटेल की काय अशी मला भीती वाटली. अप्पाही हसत होते. सासूबाई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

"आमच्या घरात ही गोष्ट आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हाताऱ्याने घोडेवाल्यांना फिरायला नेलं. कोणी फार शहाणपणा करायला लागला की आजी म्हणायची, याला जरा फिरवून आणा."

अप्पांना चेव आला. त्यांनी काठी वर्तुळाच्या मधोमध टेकवली. "आता पुढचं. रोज सकाळी धूर या बाजूने. रोज संध्याकाळी पाखरं या डोंगराकडे उडतात, कारकुनाने नऊ वेळा लिहिलंय. म्हणजे खरं पाणी इथे. म्हाताऱ्याची बायकापोरं इथे. अठ्ठावीस घोडे तिथे नेले असते तर एका दिवसात पाणी संपलं असतं आणि उन्हाळाभर माणसं मेली असती. म्हणून त्याने घसा कोरडा ठेवून नऊ दिवस..." त्यांनी काठी खाली ठेवली. "ताई, असा मोजणीदार आमच्या खात्यात झाला नाही."

आंटी डॉरीनचं हसणं थांबलं होतं. ती कागदाकडे बघत नव्हती, अप्पांकडे बघत होती.

"हे कुणाकुणाला दाखवलंस, डीनो?"

"अजून कुणाला नाही. पुढच्या आठवड्यात बॅरीला अहवाल देणार."

"नोटीस मला मिळाली," ती सावकाश म्हणाली. "माझी हरकत आहे."

अप्पा सावरून बसले. हरकत हा त्यांचा प्रांत. त्यांनी खिशातून पेन काढलं. "हरकतीचं कारण?"

"ते मी सांगणार नाही."

"कारणाशिवाय हरकत नोंदवता येत नाही, ताई."

"तिथे पाणी आहे असं मी म्हटलेलं नाही, नाही असंही म्हटलेलं नाही. आत्ता आमच्या रस्त्यांवर बोर्ड लावलेत, पोलीस उभे केलेत, आमच्या म्हाताऱ्या माणसांना आजार होऊ नये म्हणून. त्या म्हाताऱ्याकडे बोर्ड नव्हता. तो चालला. बस, एवढंच." तिने चहा संपवला, कप स्वतः नळाखाली धुतला आणि गेली.

पुढचे सात दिवस अप्पा चहाबद्दल काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मयूराला वाटलं, हा कोविडच. तिने त्यांच्या नाकात काडी घातली. निगेटिव्ह. मग मी त्यांना समजवायला गेलो की एवढं काय, सांगून टाका नाहीतर सांगू नका.

"सांगू नका?" ते खवळले. "निनादराव, मी निमतानदार आहे. समोर चूक दिसतेय आणि ती बरोबर आहे म्हणून सही करू? चौतीस वर्षांत नाही केली. आणि खरं लिहिलं तर त्या म्हाताऱ्याने तहानेने नऊ दिवस जे झाकलं, ते मी पंख्याखाली बसून उघडं करणार. तुम्हाला काय जातंय बोलायला!"

बॅरीचा फोन रोज येत होता. तो बिचारा खुशीत होता. राज्याच्या सीमा बंद, परदेश बंद. सगळं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया स्वतःच्याच राज्यात अडकलेलं. हजारो लोक रस्ते खुले होताच फोर-व्हील ड्राइव्ह घेऊन वाळवंट बघायला निघणार होते. पाटीबरोबर मंडळ एक नकाशाही छापणार होतं, खऱ्या पाण्याच्या जीपीएस आकड्यांसकट. "आपण त्यांना जायला एक जागा देतोय, मेट," तो म्हणाला. अप्पा स्पीकरवर ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून अहवाल लिहिला. एकच पान. मी खांद्यावरून वाचला. विषय, संदर्भ, खातेदारास नोटीस दिल्याचा दाखला, खातेदार समक्ष हजर, खातेदाराची हरकत. ‘कारण’ या शब्दापुढे त्यांनी लिहिलं होतं: ‘पुरेसे.’ आणि शेवटी: ‘सबब मूळ नकाशात बदल करण्यास निमतानदारास कारण दिसत नाही. मेजर पिंकनी यांची मोजणी कायम करण्यात येते.’ पाच डोंगर, पाच लॉर्ड, हेन्रिएटा मिठाच्या खारात. सगळं जसंच्या तसं.

सही करायला त्यांनी तीनदा पेन उचललं आणि तीनदा खाली ठेवलं, चौथ्यांदा केली. मग आत जाऊन दार लावून बसले. मयूरा गेली, तेव्हा रडत होते. मला वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. दोन्ही त्यांना सांगायचं राहून गेलं.

बॅरी अहवालावर बेहद्द खूश. त्याचा साहेब बरोबर निघाला होता. झरा काळाच्या ओघात आटला असणार, असं मंडळाने एकमताने ठरवलं. २०२१ च्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, रस्ते खुले झाल्यावर खाराच्या काठावर ब्राँझची पाटी बसली. चाळीसेक गाड्या आल्या होत्या. आंटी डॉरीन आपल्या पाच-सहा नातेवाइकांना घेऊन आली होती. बॅरीचं भाषण चालू असताना ती सगळी गंभीर चेहऱ्याने उभी होती, फक्त पाच लॉर्डांची नावं घेतली तेव्हा मागच्या दोन बायका एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हलत होत्या. टाळ्या सगळ्यात जोरात आंटीने वाजवल्या. लोक खाराबरोबर सेल्फी काढून आनंदाने घरी गेले.

परतताना गाडीत मी आणि अप्पा दोघेच होतो. तीन तासांचा रस्ता. मी विचारलं, "अप्पा, तो मोठा कागद कुठे आहे?"

"क प्रत खातेदाराला दिली." मोजणी झाली की नकाशाची एक प्रत जमीनवाल्याला देतात, ती क प्रत.

"आणि ऑफिस कॉपी?"

"ऑफिस कुठे आहे?"

"पण तुम्हाला आकडे पाठ असतील. नक्की कुठे येतं ते? मला सांगा की, मी काय बोर्ड लावणार आहे?"

त्यांनी रुमाल काढून खिडकीची काच पुसायला घेतली. मला राग आला. दीड वर्ष एका ताटात जेवतोय. "अहो, मी जावई आहे तुमचा. मलाही नाही?"

"गाडी थांबवा," अप्पा म्हणाले.

मी लाल मातीच्या कडेला गाडी घेतली. त्यांनी समारंभाची पत्रिका उलटी केली, कोरी बाजू वर, आणि खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही खाणीतले आहात, निनादराव. तुमची कंपनी उद्या त्या बाजूला ड्रिल घेऊन जाणार नाही, एवढं लिहून द्या. लगेच सांगतो."

मी पेन घेतलं. त्या पट्ट्यात ड्रिलिंगची परवानगी मागणारा कंपनीचा अर्ज मागच्याच महिन्यात गेला होता, आणि ते अप्पांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. अर्ज करण्याआधी ऑफिसात माहितीचा एक तक्ता भरतात. त्यात एक रकाना असतो, परिसरात कुणाचा वावर आहे का. तिथे ‘नाही’ मी लिहिलं होतं, कॉफी पिता पिता, कुणालाही न विचारता.

मी पेन त्यांना परत दिलं आणि गाडी सुरू केली.